बस ठेक्यावर दिली, पण तिच्यावर लक्ष कोणाचं?

कैरी

९ डिसेंबर २०२४ ला मुंबईत कुर्ल्याला बसचा मोठा अपघात झाला. एस. जी. बर्वे मार्गावर ३३२ नंबरची बस रात्री साडेनऊच्या सुमारास माणसांवर, रिक्षांवर, गाड्यांवर आपटत गेली. नऊ जण गेले, चाळीसहून जास्त जखमी झाले. इलेक्ट्रिक बस, ठेकेदार कंपनीची, चालकही कंपनीचा. महिनाभर सगळे बोलत होते, मग थांबले.

मी हा धागा त्यासाठीच काढलाय, पण निमित्त घरचं आहे.

जूनमध्ये आई (वय ७१) बसमधून उतरताना पडली. बस थांब्याला लागलीच नाही. थांब्यापुढचा रस्ता खोदलेला, पत्रे लावलेले, म्हणून ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली. आईचा एक पाय खाली, दुसरा पायरीवर, आणि गाडी हलली. गाडीत वाहक नव्हता, तिकीट खाली थांब्यावरच काढलेलं. त्यामुळे मागून "थांब थांब" म्हणणारं, दोरी ओढणारं कोणी नाही. मनगट मोडलं. मागून येणारा रिक्षावाला वेळेत थांबला, त्यानेच उचलून बाजूला बसवलं, म्हणून आज मी हे लिहू शकतेय.

कोणाची बस, कोणतं आगार, कोणतं कार्यालय, हे मुद्दाम लिहीत नाही. एका टेबलावर राग काढायला हा धागा नाही. पण काय झालं ते सांगते. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "गाडी आमची नाही, ठेकेदाराची आहे." ठेकेदाराकडे गेले, तर "थांबे आणि मार्ग आम्ही ठरवत नाही." रस्त्याचं बघणाऱ्यांकडे गेले, "खोदकाम दुसऱ्या यंत्रणेचं." चौथ्या ठिकाणी मात्र एका बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि जाड तक्रारवही पुढे सरकवली. मी लिहायला घेतलं आणि वरच्या ओळी वाचल्या. दार लागून हात चिरडला. बस थांबली नाही. ब्रेक मारल्यावर आजोबा पुढच्या खांबावर आपटले. शेवटचा रकाना 'केलेली कार्यवाही'. मी चार पानं मागे गेले. तो रकाना चारही पानांवर कोरा होता.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. या शहरात लाखो लोक रोज बसने जातात. बस रस्त्यावर आणण्यासाठी डझनभर सह्या लागत असतील. पण बस रस्त्यावर आल्यानंतर ती नीट चाललीय की नाही, चालवणाऱ्याला नीट शिकवलंय की नाही, पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे सलग बघणारं कोण आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

पावशेर

आईंची तब्येत आता कशी आहे? वाचतोय.

कैरी

प्लास्टर निघालं. मूठ अजून पूर्ण मिटत नाही, पोळ्या लाटता येत नाहीत. बसमध्ये चढायला तयार नाही. रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, त्यामुळे तिचं बाहेर पडणंच कमी झालं.

रस्ता_आखणी

कैरीताई, मी वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात आहे. कोण काय बघतं ते आधी मांडतो.

बसची योग्यता आणि चालकाचा परवाना आरटीओकडे, म्हणजे राज्याच्या परिवहन आयुक्तांकडे. मुंबईत ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली अशी चार कार्यालयं. रस्त्यावरचं नियमन वाहतूक पोलिसांकडे, म्हणजे गृहखात्याकडे. रस्ता बहुतेक महापालिकेचा. दोन्ही द्रुतगती महामार्गसुद्धा २०२२ च्या अखेरीस पालिकेकडे आले. मेट्रोचं काम चालू असेल तिथे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, किंवा मेट्रोची यंत्रणा. बससेवा बेस्टची, बेस्ट महापालिकेचा उपक्रम. पण महाव्यवस्थापक म्हणून येतो तो राज्य सरकारचा सनदी अधिकारी. ठेक्याच्या गाड्यांवर आणखी एक थर, कंपनीचा.

तुमच्या आईंच्या अपघातात यातले पाच जण एकाच जागी, एकाच क्षणी हजर होते. खोदलेला रस्ता, हलवायला हवा होता तो न हलवलेला थांबा, घाईतला चालक, नसलेला वाहक, आणि हे सगळं रोज बघणारा चौकातला पोलीस. प्रत्येकाच्या फायलीत अपघाताचा पाचवा हिस्सा. पूर्ण अपघात कोणाच्याच फायलीत नाही.

ही गोष्ट काल लक्षात आलेली नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने सांगितलं होतं की मोठ्या शहरांत सगळ्या वाहतुकीवर एकच प्राधिकरण हवं. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रोसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर असं प्राधिकरण करा, अशी अटच घातली. आपल्याकडे त्या नावाच्या बैठका झाल्या. पण दात असलेलं, कायद्याने उभं राहिलेलं, बेस्टला आणि मेट्रोला आणि पालिकेला एका ओळीत उभं करून जाब विचारेल असं काही मुंबईकराच्या अनुभवाला आलेलं नाही.

सरळमार्गी

सगळं सरकारवर ढकलणं मला पटत नाही. दादरला, कुर्ल्याला स्टेशनबाहेर अर्धा तास उभे राहा. माणसं मोबाइल बघत रस्त्याच्या मधून चालतात. बस पूर्ण थांबायच्या आत उड्या मारतात. दुचाकी फुटपाथवरून. आपण शिस्त पाळली तर निम्मे अपघात टळतील. कैरी यांच्या आईंबद्दल वाईट वाटतंच, पण चालकालाही दोन डोळेच असतात.

रस्ता_आखणी

सरळमार्गी, चालकाला दोनच डोळे असतात हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. म्हणूनच आखणी अशी हवी की दोन डोळ्यांत काम भागेल.

शिस्तीबद्दल एक हिशेब सांगतो. पायी माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरून आम्ही सिग्नल आखतो. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला २० सेकंद. गुडघे दुखणारी ७१ वर्षांची बाई सेकंदाला ०.८ मीटर चालते असं धरा. तिला ३० सेकंद लागतात. हिरवा माणूस २० सेकंदांत गेला तर तिचे अजून आठ मीटर बाकी आहेत. आता ती बेशिस्त का?

फुटपाथचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत राहत्या वस्तीतही किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, दुकानांच्या रस्त्यावर त्याहून जास्त. मोकळी म्हणजे झाड, खांब, वीजपेटी, पायऱ्या सोडून. तुमच्या घरापासून स्टेशनपर्यंत टेप घेऊन चाला आणि इथे आकडे लिहा. माणूस रस्त्यावरून चालतो कारण चालायची जागा संपलेली असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळामुक्त फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मुंबईत रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे हेच सर्वांत जास्त. ते गाडीच्या पत्र्याच्या आत नसतात, बाहेर असतात.

सरळमार्गी

टेपची कल्पना चांगली आहे. रविवारी करतो. मुलालाही नेतो.

खाकी

मी ३१ वर्षं स्टिअरिंगवर काढली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. थोडं लांबेल, समजून घ्या.

पहाटे चार पन्नासची पाळी असली की सव्वाचारला आगारात. आधी बिल्ला, मग गाडी. गाडीभोवती एक फेरी मारायची. आठ नट प्रत्येक चाकाला, हात फिरवला की ढिला नट बोटाला कळतो. टायरला लोखंडी दांडा मारायचा, हवा कमी असेल तर आवाज बद्द येतो. मग चालू करून एअर प्रेशर चढू द्यायचं. बझर वाजत असतो तोवर गाडी हलवायची नाही, मागून कितीही हॉर्न येऊ देत. मग जागच्या जागी ब्रेक, हँडब्रेक, दरवाजा, वायपर. काही खोट असेल तर दोषपत्रकावर लिहायचं आणि लिहिलं की ती गाडी फिटरने सही केल्याशिवाय फाटकाबाहेर जायची नाही. मी स्वतः माझ्या नोकरीत कितीदा गाडी परत लावलीय. एकदाही कोणी म्हणालं नाही की फेरी बुडाली, पगार कापतो.

हे का सांगतोय? आरटीओचं योग्यता प्रमाणपत्र नव्या बसला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी मिळतं, नंतर दरवर्षी. म्हणजे सरकारचा माणूस नवी गाडी हाताळतो दोन वर्षांतून एकदा. मधले सातशे दिवस गाडी सुरक्षित आहे की नाही हे ठरतं आगारात, त्या सव्वाचारच्या फेरीत. खरी देखरेख तिथे आहे. आणि आता विचारायचं ते हे की ठेक्याच्या गाडीचं दोषपत्रक कोण लिहितं, कोणाला देतं, आणि गाडी फाटकाबाहेर सोडायचं का नाही हे ठरवणाऱ्याचा पगार कोण देतं. किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्या कंपनीचाच माणूस गाडी अडवणार असेल तर त्याच्या मनावर किती ओझं येत असेल, विचार करा.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रिक गाडीची. गाडी उत्तम आहे, धूर नाही, आवाज नाही, चालकाची पाठ दुखत नाही. पण ती वेगळी आहे. आम्ही आयुष्यभर डावा पाय क्लचवर ठेवून चालवलं. तिला क्लच नाही, गिअर नाही. डिझेल गाडी ताकद हळूहळू घेते, ही पाय ठेवताच उसळते. पाय उचलला की आपोआप वेग कमी होतो, त्याचीही सवय लागावी लागते. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे वेग कानाला कळत नाही, आणि रस्त्यावरच्या माणसालाही बस आलेली कळत नाही. वीस वर्षांचा हात असलेला चालकसुद्धा घाबरला की जुन्या सवयीवर जातो. कुर्ल्यानंतर पेपरात आलं होतं की तो चालक आधी लहान गाडी चालवायचा आणि बारा मीटरच्या इलेक्ट्रिक गाडीवर नवा होता. न्यायालय काय ते ठरवेल, मी त्यावर बोलत नाही. पण नवख्या माणसाला संध्याकाळच्या गर्दीत कुर्ला स्टेशनच्या रस्त्यावर पाठवणं हे मला, एक चालक म्हणून, पटत नाही. आम्हाला नवीन मॉडेल आलं की आधी रिकामी गाडी, मग शेजारी उस्ताद, मग कमी गर्दीचा मार्ग, असं चढवत न्यायचे.

अबोली

काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझा भाऊ ठेक्याच्या बसवर चालक आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची नोकरी आहे.

आधी तो टेम्पो चालवायचा. बसवर घेताना दोन दिवस आगाराच्या आवारात आणि एक दिवस रस्त्यावर शेजारी बसून, एवढंच शिकवलं. चौथ्या दिवशी एकटा. पगार कधी दहा तारखेला, कधी पंचवीसला. कागदावर आठ तास. पण मधे दोन-दोन तास गाडी बसचौकीत उभी असते, ते मोजत नाहीत, त्यामुळे सकाळी पाचला गेलेला रात्री आठला घरी. कितीतरी बसचौक्यांवर या मुलांना बसायची जागा नाही, मुतारीला जायचं तर समोरच्या हॉटेलवाल्याला विचारायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्याच्या चालकांनी आठवडाभर काम बंद केलं होतं तेव्हा लोक त्यांना शिव्या देत होते. मी लोकांना समजावत होते की हा माणूस तुमच्या मुलांना घेऊन जातो, तो झोपलेला असावा, जेवलेला असावा.

कैरीताई, तुमच्या आईंच्या वेळी जो कोणी चालक होता त्याची चूक झालीच. उतरणारा पूर्ण उतरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. माझ्या भावालाही मी हेच सांगते. पण आरशातून मागचं दार बघायचं, पुढचा सिग्नल बघायचा, मागून हॉर्न, आणि वाहक नाही. हे एकट्या माणसाला कसं जमावं?

कैरी

अबोली, त्या चालकावर मी तक्रार केलेली नाही. आईनेच करू दिली नाही. "तो पोरगा घाबरला होता गं" म्हणाली. थोडं पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि धावत आला होता तो. मला त्याच्या मागे कोण उभं होतं ते हवंय.

काळा_कोट

मोटार अपघात दाव्यांचं काम करतो म्हणून कायद्याचं लिहितो.

कामाचे तास. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात असं होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आणि अबोलींच्या भावासाठी महत्त्वाचं म्हणजे मधला रिकामा वेळ धरूनही पाळीचा पूर्ण पसारा बारा तासांच्या पलीकडे जाता कामा नये, असंही त्यात होतं. पाच ते आठ म्हणजे पंधरा तास होतात. हे तपासणं कामगार खात्याचं काम आहे.

रस्त्याची जबाबदारी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. रक्कम लहान आहे, मान्य. पण ठेकेदाराचं नाव कायद्यात आलं ही मोठी गोष्ट आहे. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बाबतीत निकाल दिला: मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायची. त्यासाठी आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती.

कैरी, तुमच्यासाठी. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल करायला कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. जूनचा अपघात म्हणजे डिसेंबर. उशीर करू नका. पोलिसांत नोंद झाली का? झाली असेल तर पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. नसेल झाली तर दवाखान्याचे कागद, त्या दिवसाचं तिकीट, तो रिक्षावाला सापडला तर त्याचं म्हणणं, हे जमवा. रिक्षावाल्याला भीती वाटत असेल तर सांगा, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला १३४अ कलमाचं संरक्षण आहे. त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही होत नाही.

आणि सगळ्यांनीच लक्षात ठेवा, मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना केंद्राच्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात मागावं लागतं.

पावशेर

हे शेवटचं माहीत नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.

टेम्सकाठ

मूळ परळची, गेली अकरा वर्षं लंडनमध्ये. एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण इथे चर्चा 'खासगी की सरकारी' कडे जाईल अशी भीती आहे.

लंडनच्या लाल बस खासगी कंपन्याच चालवतात. मार्ग, भाडं, वेळापत्रक ठरवते टीएफएल, म्हणजे शहराची परिवहन संस्था. पण बसमुळे झालेल्या इजांची आणि मृत्यूंची माहिती टीएफएल २०१४ पासून दर तिमाहीला जाहीर करते. कोणत्या कंपनीची बस, कोणता मार्ग, जखमी प्रवासी की पायी जाणारा, पडून लागलं की धडक, सगळं. कोणीही उघडून बघू शकतं. कैरीच्या आईसारखी उतरताना पडलेली बाईसुद्धा त्यात एक ओळ असते. शिवाय चालकाला नाव गुप्त ठेवून धोक्याची तक्रार करता येते, कंपनीला त्याचं नाव कळत नाही. अबोलीच्या भावाला अशी सोय असती तर?

इथेही बसखाली माणसं जातात, इथलं सगळं छान आहे असं नाही. पण लपवता येत नाही.

खाकी

बाई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

आमच्या वेळी बेस्ट समिती होती. नगरसेवक बसायचे. काही नुसते चहा प्यायचे, पण काही अभ्यास करून यायचे. अमुक आगारात ब्रेक लायनिंग नाही म्हणून गाड्या उभ्या आहेत हे समितीत विचारलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. महाव्यवस्थापकाला उभं राहून उत्तर द्यावं लागायचं. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, प्रशासक आला, समिती गेली. ठेक्याच्या गाड्या तर रस्त्यावर होत्याच. २०२६ च्या सुरुवातीला निवडणूक होईपर्यंत विचारणारं सभागृहच नव्हतं.

रस्ता_आखणी

आणि याच्याशी जोडून भाड्याचं उदाहरण बघा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये झालं, ९ मे २०२५ ला ते १० झालं, वातानुकूलितचं ६ चं १२. ही वाढ करायला बेस्टचा प्रस्ताव, महापालिकेची मंजुरी, मग मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पाच रुपयांसाठी तीन घरं. ठेक्याच्या गाडीचा अपघात झाला तर त्याचा अहवाल कोणत्या घरी जातो, त्यावर कोणाची सही होते, तो मला-तुम्हाला कुठे वाचायला मिळतो?

ठेक्याच्या पद्धतीबद्दलही लिहितो. कंपनी गाडी आणते, चालक आणते, दुरुस्ती करते, आणि बेस्ट तिला किलोमीटरमागे पैसे देते. यात मुळात पाप नाही. २०१०च्या आसपास साडेचार हजारांच्या घरात असलेला ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्या आत आला. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी करार झाला होता की स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखू, तो पाळला गेला नाही. पैसा नसताना गाड्या आणायचा हा एक मार्ग होता. पण किलोमीटरला पैसे देणारा करार लिहिताना सुरक्षेला किती पैसे जोडलेत, हा प्रश्न असतो. फेरी बुडाली तर दंड, आणि चालकाला दहा दिवस जास्त शिकवलं तर ते दहा दिवस कंपनीचा तोटा, असं गणित असेल तर कंपनी काय करेल ते सांगायला नको. करारातच लिहायला हवं: इतके तास प्रशिक्षण, ते झाल्याचा पुरावा, दर महिन्याला अपघातांची आकडेवारी जाहीर, आणि न दिल्यास पैसे थांबतील. वातानुकूलन बंद असलं तर दंड लावता येतो, मग हेही लावता येईल.

नवी_पालवी

मी व्हीलचेअर वापरते. लो-फ्लोअर बस आली तेव्हा मला खूप आनंद झाला होता. रॅम्प आहे, पण बस थांब्याला चिकटून उभी राहिली तरच तो उपयोगी. कैरीताईंनी लिहिलं तशी दुसऱ्या रांगेत उभी राहिली तर माझ्यासाठी ती बस आलीच नाही. थांब्यापुढे रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या गाड्या. वाहतूक पोलीस नो पार्किंगचं टोइंग करतात, ते बसथांब्याच्या पट्ट्यापासून सुरू करा ही माझी साधी मागणी आहे.

सरळमार्गी

रविवारी टेप घेऊन गेलो. घर ते स्टेशन, ६५० मीटर. १.८ मीटर मोकळा फुटपाथ मिळाला तो सलग असा फक्त एका बँकेसमोर, साधारण २५ मीटर. तीन ठिकाणी फुटपाथच नाही. एका जागी ५५ सेंटीमीटर, खांब आणि दुकानाची पायरी यांच्यामध्ये. मुलगा म्हणाला, बाबा आपण पण रस्त्यावरूनच चालतोय. माझं आधीचं म्हणणं मी मागे घेतो. शिस्त हवीच, पण आधी जागा हवी.

कैरी

सरळमार्गी, मनापासून आभार.

मी ठरवलंय की माहिती अधिकारात अर्ज करायचा. २००५ च्या कायद्याने १० रुपयांत आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं, नाही मिळालं तर अपील. शिवाय कलम ४ प्रमाणे यातली बरीचशी माहिती न मागताही त्यांनी स्वतःहून जाहीर करायची असते. एकीने मागण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या भागातल्या आगाराची मागितली तर एक चित्र उभं राहील. देवनार, अणिक, कुर्ला यांची मी मागते. बाकी कोण घेईल?

मसुदा असा केलाय, दुरुस्त्या सुचवा. गेल्या तीन वर्षांत या आगाराच्या बसमुळे, स्वतःच्या आणि ठेक्याच्या अशा वेगवेगळ्या, किती माणसं दगावली, किती जखमी झाली, त्यात चढता-उतरताना पडून किती. प्रत्येक अपघातानंतर चौकशी कोणी केली आणि त्या अहवालाची प्रत. ठेकेदाराबरोबरच्या करारात प्रशिक्षणाबद्दल आणि अपघाताबद्दल काय अटी आहेत, त्या मोडल्याबद्दल आजवर किती दंड वसूल झाला. ठेक्याच्या चालकांना प्रशिक्षण दिलं जातं का. रस्त्याच्या कामामुळे बस थांब्याला लागू शकत नसेल तर तात्पुरता थांबा ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि गेल्या वर्षभरात तो किती वेळा वापरला. तक्रारवहीतल्या नोंदींवर किती दिवसांत कार्यवाही करण्याचा नियम आहे.

नवी_पालवी

गोराई आणि पोयसर माझ्याकडे. रॅम्प चालू स्थितीत असलेल्या गाड्या किती, हाही प्रश्न जोडते.

सरळमार्गी

मुलुंड आणि विक्रोळी मी.

काळा_कोट

मसुदा चांगला आहे. 'अहवालाची प्रत' मागताना 'तपास चालू आहे' म्हणून नाकारण्याचा प्रयत्न होईल. बंद झालेल्या प्रकरणांची प्रत वेगळी मागा, म्हणजे ते कारण तिथे लागू होणार नाही. आणि कैरी, दाव्याचे कागद याच आठवड्यात बघा, अर्जाची वाट बघत बसू नका.

अबोली

भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आमच्या विश्रांतीच्या जागेचंही विचारा. बसचौकीत ठेक्याच्या चालकांना पाणी आणि स्वच्छतागृह आहे का.

खाकी

कैरीताई, एक बदल करा. 'प्रशिक्षण दिलं जातं का' असं विचारू नका. उत्तर येईल, 'होय, दिलं जातं' आणि तुमचे दहा रुपये फुकट. असं विचारा: गेल्या वर्षभरात रुजू झालेल्या प्रत्येक चालकाने एकट्याने गाडी बाहेर काढण्यापूर्वी प्रत्यक्ष रस्त्यावर किती तास चालवली, कोणत्या लांबीच्या आणि कोणत्या प्रकारच्या गाडीवर, आणि तो तयार आहे असं ठरवून सही करणारा कोणाचा नोकर होता. आणि दोषपत्रकाची एका महिन्याची प्रत मागा. आगार कसं चाललंय ते त्या कागदावरून कळतं.

वडाळा आणि प्रतीक्षानगर मी घेतो. प्रतीक्षानगरमध्ये माझी पहिली पाळी होती.

कैरी

बदलला, काका. दोन्ही वाक्यं तुमच्याच शब्दांत घातली. अबोलीच्या भावाचा प्रश्नही. काळा कोट, रिक्षावाला सापडला. स्टेशनच्या स्टँडवरच असतो, आईला बघून त्यानेच हाक मारली. उद्या त्याचं म्हणणं लिहून घेते आणि तिन्ही अर्ज भरते. क्रमांक मिळाले की इथे टाकेन.